बडोद्याची पेटी आणि आमचे संगणकवर्ग

बडोदे म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लक्ष्मीविलास राजवाडा, दरबारातील गवई आणि श्रीमंत सयाजीराव महाराजांभोवती जमलेली विद्वानांची मांदियाळी उभी राहते. आज आम्ही त्या नगरीचे स्मरण करीत आहोत ते मात्र एका साध्या लाकडी पेटीसाठी. १९०६ साली महाराज अमेरिकेत गेले असता तेथील सार्वजनिक ग्रंथालयांनी त्यांच्या मनात घर केले. १९१० साली त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावून घेतले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्याची कामगिरी त्याच्याकडे सोपविली. राजधानीत मध्यवर्ती ग्रंथालय, प्रांताच्या व तालुक्याच्या ठिकाणी त्याहून लहान, खेड्यात जमेल तसे वाचनालय, अशी ती योजना होती. परंतु ज्या गावाला आपले असे ग्रंथालय उभारणे झेपणारे नव्हते त्याने काय करावे? त्या गावी पेटी जाई. जाणत्या माणसांनी निवडलेल्या पुस्तकांनी भरलेली मजबूत पेटी राजधानीहून निघे, गावात काही काळ मुक्काम करी, पुस्तके वाचून झाली की परत येई आणि तिच्या जागी दुसरी रवाना होई. पुढे ज्यांनी या खात्याचा कारभार पाहिला आणि १९१९ साली या चळवळीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्या गृहस्थांचे नाव जनार्दन सखाराम कुडाळकर. आडनाव वाचून आमचे कुडाळकडील वाचक सुखावतील!

या पेटीचे मर्म असे की गावातील मास्तराने ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास केलेला असावा अशी अपेक्षा कोणी धरली नव्हती. पुस्तके निवडणे, विकत घेणे, त्यांची नोंद ठेवणे, फाटलेली बांधून घेणे ही सारी यातायात एके ठिकाणी, एकदाच, त्या कामात मुरलेली माणसे करीत. मास्तराने झाकण उघडावे आणि वाचन सुरू करावे.

ही पेटी आज आठवण्याचे कारण आमच्या राज्यातील संगणकवर्ग. २०२१ साली गोवा शासनाने ‘केअर्स’ नावाची योजना आणून माध्यमिक पातळीच्या आधीच मुलांना प्रोग्रॅमिंग, म्हणजे संगणकास समजेल अशा भाषेत त्याच्यासाठी आज्ञा लिहिण्याची विद्या, शिकविण्याचा मार्ग धरला. हे धोरण योग्यच आहे. पण अशा वर्गाचे पहिले काही आठवडे कसे जातात हे कोणत्याही संगणकशिक्षकास विचारून पाहावे. समजा, खोलीत वीस यंत्रे आहेत. ती तीन निरनिराळ्या वर्षी, तीन निरनिराळ्या निविदांतून आलेली. एकावर पायथन या भाषेची जुनी पिढी, दुसऱ्यावर नवी, तिसऱ्यावर ती मुळीच नाही. चौथे यंत्र परवलीचा शब्द मागते आणि तो ठाऊक असलेले शिक्षक बदलून गेलेले. पाचव्यास विषाणूने ग्रासलेले. शिक्षक फळ्यावर एक ओळ लिहितात. मुले ती टंकित करतात, आणि वीसांपैकी सात पडद्यांवर तांबड्या अक्षरांत चूक उमटते. चूक मुलांची नव्हे. पायथनच्या जुन्या पिढीत पडद्यावर मजकूर छापण्याच्या आज्ञेस कंस लागत नसत, नव्या पिढीत लागतात, एवढाच काय तो भेद. ती जुनी पिढी तिच्या कर्त्यांनी १ जानेवारी २०२० पासून वाऱ्यावर सोडली, तरी जुन्या पुस्तकांत आणि जुन्या यंत्रांत ती अजून जिवंत आहे. शिक्षक एका यंत्रापासून दुसऱ्याकडे धावतात, चाळीस मिनिटे संपतात, घंटा होते. त्या सात मुलांनी त्या दिवशी काय शिकले? ‘हे आपल्याला जमणारे नाही’ एवढेच.

शहरातील ज्या मुलाच्या घरी स्वतःचा संगणक आहे आणि थोरला भाऊ अभियांत्रिकीस आहे, त्याचे यामुळे फारसे अडत नाही. नुकसान सत्तरीच्या, केपे-सांग्याच्या आणि काणकोणच्या मुलाचे होते, कारण त्याच्या दृष्टीने शाळेतील ती चाळीस मिनिटे हाच सारा संगणक होय. विषय वरकरणी तांत्रिक दिसत असला तरी आम्ही त्यास अग्रलेखाची जागा देत आहोत ती याच कारणास्तव.

यावर उपाय नवा नाही. जगातील अनेक शाळांनी आणि विद्यापीठांनी तो केला आहे. वर्गास लागणारे सारे साहित्य आधीच बसवून, तपासून, एकसारखे करून ठेवलेला लिनक्सचा तयार संच बनवावयाचा आणि त्याच्या प्रती वाटावयाच्या. आमच्या पेडण्यात आणि पलीकडे सिंधुदुर्गात दशावतारी मंडळी पेटारा घेऊन गावोगाव फिरतात. देवळापुढे पेटारा उघडला, गणपतीचे पूजन झाले की रंगभूमी सिद्ध. प्रत्येक गावाने मुकुट आणि तलवारी स्वतः घडवाव्यात आणि मगच नाटक पाहावे असे आजवर कोणी म्हटलेले नाही. संगणकवर्गाच्या बाबतीत मात्र आम्ही नेमके तेच म्हणत आलो आहोत.

लिनक्स ही काय वस्तू आहे हे सर्वच वाचकांस ठाऊक असेल असे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. संगणकाचे यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये एक कारभारी लागतो. कळफलकावरील बोटे ओळखणे, पडद्यावर अक्षरे उमटविणे, साठवणीचा हिशेब ठेवणे ही कामे तो करतो. विंडोज हा असा एक कारभारी, आणि तो एका कंपनीच्या मालकीचा. लिनक्स हा दुसरा. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिण्यास आरंभ केला. त्याआधी १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकनाने सर्वांस मुक्तपणे वापरता येईल अशी प्रणाली घडविण्याचा संकल्प सोडला होता. या दोन प्रयत्नांचा संगम झाला आणि जगभरच्या हजारो हातांनी त्यात भर घातली. त्याच्या परवान्याचे सार असे: वापरा, उघडून पाहा, बदला, प्रती काढा, वाटा, मात्र वाटताना पुढच्यासही हेच हक्क द्या. भजनी मंडळातील वही एकाने दुसऱ्याकडून उतरून घ्यावी, उतरताना आपल्याकडील चार अभंग तीत घालावेत आणि तिसऱ्यास द्यावी, तसाच हा व्यवहार. तयार संच करून शेकडो शाळांना वाटणे याच परवान्यामुळे कायदेशीर ठरते. विकत घेतलेल्या एका प्रतीवरून शंभर प्रती काढणे ही चोरी आहे, आणि ती आमच्या देशातील शिक्षणसंस्थांत किती सर्रास चालत आली आहे हे उघड गुपित आहे.

येथे एक विलक्षण इतिहास नोंदविला पाहिजे. १९९० साली बोर्लंड या अमेरिकन कंपनीने ‘टर्बो सी++’ हे प्रोग्रॅमिंगचे साधन बाजारात आणले. त्या काळी ते उत्तम होते यात शंका नाही. पुढे जग बदलले, ज्या डॉस प्रणालीवर ते चाले तीही इतिहासजमा झाली. तरी आमच्या देशातील असंख्य महाविद्यालयांत नवे शतक उजाडून कैक वर्षे लोटल्यावरही विद्यार्थी त्याच निळ्या पडद्यावर शिकत राहिले. नव्या संगणकावर जुन्या डॉसचा देखावा उभा करणारे दुसरे एक साधन आधी चालवावयाचे आणि त्याच्या पोटात टर्बो सी! पडदा पुसण्याची जी आज्ञा पहिल्याच तासाला पाठ करविली जाई ती सी भाषेच्या प्रमाण स्वरूपात नव्हतीच. परीक्षेत पूर्ण गुण मिळविलेला मुलगा नोकरीच्या पहिल्या दिवशी चाचपडत राही.

हे असे का झाले? प्राध्यापक आळशी होते म्हणून, असे म्हणणे सोपे आहे, पण आम्हांस ते पटत नाही. टर्बो सी टिकले कारण ते तयार होते. कोणीतरी, कोठेतरी, त्याची जुळणी करून ठेवली होती. ती एका तबकडीवरून दुसऱ्या तबकडीवर, एका प्रयोगशाळेतून दुसऱ्या प्रयोगशाळेत उतरत गेली, पाठ्यपुस्तके तिच्याबरहुकूम लिहिली गेली आणि प्रश्नपत्रिका त्या पुस्तकांवरून निघाल्या. ज्याने ती पेटी प्रथम भरली त्याने एका पिढीचा अभ्यासक्रम ठरविला, आणि तो कोण हे कोणासच ठाऊक नाही. तयार संचाचे सामर्थ्य इतके मोठे आहे. म्हणूनच तो कोणी भरावा, कशाने भरावा आणि वर्षाकाठी कोणी झाडून-पुसून नवा करावा हा प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा आहे. बडोद्यात पेटी भरणारे खाते नावानिशी उभे होते, आणि पेटीत काय आहे हे उघड होते.

आता हा संच प्रत्यक्षात कसा करतात ते पाहू. आमची पदवी कलाशाखेची असली तरी यातील बहुतेक भाग शहाण्या गृहिणीच्या प्रवासाच्या तयारीसारखा आहे, तो समजण्यास अभियंता व्हावे लागत नाही. डेबियन किंवा उबुंटू यांसारखी लिनक्सची एखादी नामांकित आवृत्ती घ्यावयाची. मुलांना न लागणारे सारे काढून टाकावयाचे. मग पायथन, सी भाषेचा कंपायलर, लहान मुलांसाठी चित्रांच्या ठोकळ्यांनी आज्ञा जुळविण्याचे स्क्रॅच, आणि नवशिक्यांस मानवेल असा एखादा साधा संपादक. एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात जन्मलेला थॉनी हा संपादक या कामी फार चांगला समजला जातो, कारण आज्ञावली एकेक पायरी चालवून प्रत्येक चलाच्या पोटात काय आहे हे तो मुलास दाखवितो. हे सारे बसले की एका आदर्श यंत्राचा संपूर्ण ठसा घ्यावयाचा आणि तो इतर यंत्रांवर उमटवावयाचा. त्याकरिता क्लोनझिला नावाचे साधन फुकट उपलब्ध आहे. शाळेस आपली यंत्रे मुळीच बदलावयाची नसतील तर हाच संच पेनड्राइव्हवर घालता येतो. २००० साली क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने ‘क्नॉपिक्स’ या नावाने तबकडीवरून थेट चालणारे लिनक्स लोकांपुढे ठेवले आणि ही युक्ती घरोघरी पोहोचली. पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला की लिनक्स, काढून सुरू केला की पूर्वीचेच सारे जसेच्या तसे.

खरी कसोटी मात्र पुढे आहे. पेटी भरणाऱ्याने आपल्या टेबलावरील नव्या कोऱ्या यंत्रावर ती चालवून पाहिली आणि समाधान मानले तर सारे मुसळ केरात. शाळेतील सर्वांत जुना, सर्वांत मंद संगणक समोर ठेवून ती भरली पाहिजे. दोन गिगाबाइट स्मृती असलेले यंत्र सजावटीच्या ओझ्याखाली दमते. त्यास एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखी हलकी मांडणी हवी. फार जुन्या, ३२-बिट प्रोसेसरच्या यंत्रांचा प्रश्न तर आणखी बिकट, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीने अशा यंत्रांवर नव्याने बसविण्याची सोयच काढून घेतली. त्यांच्यासाठी बारावी आवृत्ती वेगळी ठेवावी लागेल. असे बारकावे प्रत्येक शाळेने आपले आपण शोधून काढावेत काय? की एका जाणत्या मंडळाने शोधून सर्वांस कळवावेत?

एकदा वर्ष सुरू झाले की संचात बदल करू नये. पुस्तकातील चित्र, फळ्यावरील ओळ आणि मुलाच्या पडद्यावरील मजकूर तिन्ही ठिकाणी तंतोतंत एक असला पाहिजे. सुधारणा कराव्यात त्या वार्षिक सुट्टीत. खेरीज, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की ते मूळ स्थितीस यावे. सकाळच्या वर्गाने केलेला गोंधळ दुपारच्या वर्गाच्या वाट्यास येता कामा नये, पण मुलाने लिहिलेले मात्र वेगळ्या कप्प्यात सुरक्षित राहिले पाहिजे. ही तजवीज झाली की सर्वांत मोठा लाभ होतो तो भीती जाण्याचा. काहीही दाबले तरी यंत्र बिघडत नाही हे मुलास एकदा कळले की त्याची बोटे सुटतात. आमच्या कित्येक शाळांत संगणकावर अजूनही आच्छादन असते आणि शिक्षक ‘हात लावू नको’ असे बजावतात. त्यांचा नाइलाज आम्ही समजू शकतो, कारण बिघाड झाला तर जबाबदारी त्यांच्यावर येते.

आंतरजाल नसतानाही पेटी पुरी पडली पाहिजे. मृगाच्या पहिल्या झोडपणीत माड आडवा होतो, तार तुटते, आणि वीज आली तरी जोडणी येण्यास दिवस लागतात हा आमच्या किनाऱ्याचा नित्याचा अनुभव. म्हणून भाषांची मार्गदर्शिका, सरावाची उदाहरणे, शक्य तर ज्ञानकोशही पेटीतच असावा. विकिपीडिया आंतरजालाशिवाय वाचता यावा म्हणून किविक्स नावाचे साधन आहे. मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रमही येथे उपयोगी पडेल. लिनक्स, सी, पायथन अशा विषयांचे छोटे छोटे दृक्‌श्राव्य पाठ त्यांनी भारतीय भाषांत केले, त्यांत मराठी आहे आणि बडोद्याची गुजराथीही आहे. अर्ध्या पडद्यावर पाठ चालतो, उरलेल्या अर्ध्यावर मुलाने तेच करून पाहावयाचे. हे पाठ मुक्त परवान्याचे असल्याने पेटीत घालण्यास आडकाठी नाही.

भाषेचा हा धागा आम्हांस पुन्हा बडोद्यास नेतो. ग्रंथालयांच्याही वीस वर्षे आधी, १८९० साली, महाराजांनी तेथे कलाभवन स्थापिले आणि ते त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती दिले. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम असे धंदेशिक्षण मातृभाषेतून दिले तरच ते कारागिराच्या मुलापर्यंत पोहोचेल, ही गज्जरांची निष्ठा होती. त्यासाठी त्यांनी शास्त्रीय पाठ्यपुस्तकांची माला काढली तिचे नाव ‘सयाजी ज्ञानमंजूषा’. मंजूषा म्हणजे पेटी! शब्दांची अडचण पुढे राज्यकारभारातही जाणवली तेव्हा १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा अनेक भाषांतील पर्यायांचा कोश बडोद्याने सिद्ध केला. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके काही काळ याच कलाभवनात शिकले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले तेव्हा कलाभवन त्यात विलीन होऊन तंत्रविद्येची शाखा झाले, आणि आज त्याच शाखेत संगणकाचे शिक्षण चालते. बाराव्या वर्षी दत्तक विधान होईपर्यंत अक्षरओळखही नसलेल्या, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या मुलाने हे सारे उभे केले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याने शिक्षणाची साधने लोकांच्या दारी नेण्याचा एवढा ध्यास का घेतला असेल याचा उलगडा होतो. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर, हा क्रमही बोलका आहे: आधी एका ठिकाणी करून पाहावयाचे, मग पसरावयाचे.

संगणकाच्या पेटीत मातृभाषा घालणे आज पूर्वीइतके दुष्कर राहिलेले नाही. ‘लोहित देवनागरी’सारखा मुक्त टंक आहे. सर्व भारतीय लिप्यांस समान असणारी इन्स्क्रिप्ट कळमांडणी लिनक्समध्ये अंगभूत आहे. २००८ साली आलेल्या पायथनच्या तिसऱ्या पिढीत तर चलांची नावेही देवनागरीत चालतात. मुद्दल, दर आणि मुदत ही नावे देऊन व्याज काढणारी आज्ञावली सहावीतला मुलगा लिहू शकतो, आणि संगणक ती मुकाट्याने मानतो. भाषेतील राखीव शब्द इंग्रजी राहतात हे खरे, पण ते मोजके आहेत. ज्या मुलास गणित समजते पण इंग्रजी शब्दांपाशी पाय अडखळतो, त्याला एवढाही आधार पुष्कळ होतो.

याविरुद्ध तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. नोकरीच्या बाजारात विंडोज चालते, मग मुलांना लिनक्स कशाला, हा पहिला. ज्या भ्रमणध्वनीवर बोलून हा प्रश्न विचारला जातो त्याच्या पोटात बहुधा अँड्रॉइड असते आणि अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सचाच गाभा आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सखेरीज दुसरे काही आढळलेले नाही. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने थांबविला. ज्या शाळांची यंत्रे अकराव्या आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत त्यांनी ती भंगारात घालावीत की लिनक्सवर आणखी काही वर्षे चालवावीत? दुसरा आक्षेप, आता सारे आंतरजालावरच करता येते, यंत्रावर काही बसविण्याची गरजच काय. जोडणी भरवशाची असेल तेथे हे ठीक आहे. परंतु दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेला वर्ग मालकाच्या मर्जीवर चालतो. अमेझॉनने आपली ‘क्लाउड९’ ही अशीच सेवा २०२४ मध्ये नव्या ग्राहकांस बंद केली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रसिद्ध प्रारंभिक अभ्यासक्रमानेही आधी विद्यार्थ्यांस लिनक्सचा तयार संच दिला आणि मागाहून आंतरजालाची वाट धरली. पण हार्वर्डपाशी ते सांभाळणारी माणसे आहेत.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. सारे तयार देऊन मुलांना पंगू करू नका, यंत्राची जुळणी करणे हेही शिक्षणच आहे, असे काही अनुभवी अभियंते म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पोहणे शिकावयाचे तर पाण्यात पडलेच पाहिजे. पण विहीरही स्वतः खणून मग पोह, असे आपण मुलास सांगत नाही. प्रोग्रॅमिंगची गोडी लागली की मूल आपण होऊन पेटीचा तळ उचकटून पाहील, आणि लिनक्सची पेटी उचकटण्यास कोणाचीच मनाई नाही. उंच वर्गात, महाविद्यालयात, जुळणी हा स्वतंत्र धडा अवश्य ठेवावा. तेथे एकाच यंत्राच्या पोटात दुसरे कल्पित यंत्र चालविण्याची सोयही विद्यार्थ्यांस शिकविता येईल. पहिल्याच दिवशी हा अडसर आडवा टाकण्यात मात्र काही शहाणपण नाही.

आमच्या शेजारच्या किनाऱ्यावर याचा मोठा दाखला आहे. केरळने २००१ च्या सुमारास शाळांसाठी ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प हाती घेतला, पुढे शाळांना मुक्त प्रणालीवर आणले आणि आपल्या शिक्षकांच्या गरजेप्रमाणे स्वतःचा लिनक्स संच घडविला. २०१७ पासून ‘काइट’ ही शासकीय संस्था ते काम पाहते. २०१९ मध्ये नवी आवृत्ती आली तेव्हा शाळांतील दोन लाखांवर संगणकांसाठी सुमारे ३,००० कोटी रुपयांची बचत झाल्याचा दावा संस्थेने केला. बचतीचा आकडा दावेदाराचाच आहे, म्हणून आम्ही त्यावर फार भर देत नाही. केरळचे खरे कर्तृत्व निराळे: त्यांनी पेटीबरोबर माणसेही तयार केली. शिक्षकांना शिकविले, शिक्षकांकडून शिक्षक घडविले, पाठ्यपुस्तक आणि संच यांची सांगड घातली. स्पेनमधील एक्स्त्रेमादुरा या गरीब प्रांताने २००२ साली ‘लिनेक्स’ नावाने असाच संच काढला आणि शाळेत दर दोन मुलांमागे एक संगणक असे प्रमाण ठरविले. संपन्नांची ही चैन नव्हे.

गोव्यालाही हे सर्वस्वी अपरिचित नाही. या शतकाच्या आरंभी परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने आमच्या शाळांसाठी जुने संगणक आणले गेले आणि त्यांवर लिनक्स बसविण्याचा प्रयोग झाला होता. राज्य लहान आहे. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत एका दिवसात जाऊन परत येता येते. संचाचा ठसा घेऊन प्रत्येक शाळेत माणूस पाठविणे केरळला जड गेले असेल, आम्हांस जाऊ नये. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि ताळगावच्या विद्यापीठात हे काम जाणणारे प्राध्यापक व हौसेने करणारे विद्यार्थी आहेत. शिक्षण खात्याने त्यांतून एक छोटे मंडळ नेमावे, त्यास कायम स्वरूपाचे काम आणि पगारी माणूस द्यावा. फुकट मिळणारी प्रणाली बिनखर्चाची नसते हे अर्थखात्यास आधीच सांगून ठेवलेले बरे. पेनड्राइव्ह काही शे रुपयांत येतो, पण तो नादुरुस्त झाल्यावर दूरध्वनी उचलणाऱ्या माणसास दरमहा वेतन लागते. संचात काय घातले आणि का घातले याची यादी प्रसिद्ध करावी, म्हणजे एखाद्या शाळेतील शिक्षकास त्यातील उणीव दाखविता येईल. मराठी आणि कोंकणी दोन्ही भाषांतील सूचना पहिल्या पानापासून असाव्यात, मागाहून जोडलेल्या पुरवणीत नव्हेत. आणि ठेकेदारास सारे काम एकरकमी देऊन मोकळे होण्याचा मोह आवरावा, कारण ठेका संपला की पेटीची किल्ली त्याच्यासोबत जाते हे आम्ही इतर खात्यांत पाहिले आहे.

पहिली चाचणी पणजीत घेऊ नये. काणकोण किंवा सत्तरीतील एखाद्या शाळेतला सर्वांत जुना संगणक निवडावा, तेथील शिक्षिकेच्या हाती पेनड्राइव्ह आणि दोन पानांची सूचनापत्रिका द्यावी, आणि संच बनविणाऱ्यांनी वर्गाच्या दाराबाहेर उभे राहून पहिली आज्ञावली चालू होण्यास किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहावे.